लांबूनच नमस्कार

मी कुत्री फिरवायचे. सीवूड्सपासून वाशीपर्यंतच्या कितीतरी घरांतली कुत्री माझ्या हाताखालून गेली. आता उजवा खांदा वर उठत नाही म्हणून थांबले. खांद्याचं काम एका लॅब्रॅडोरने केलं, पण त्यात त्याचा दोष नव्हता. त्याला समोर मांजर दिसलं आणि मला ते दिसलं नाही, एवढंच.

आमचं घर करावे गावात. माहेर आणि सासर, दोन्हीकडे मासळीचा धंदा. सासूबाई डोक्यावर टोपली घेऊन निघाल्या की गावातली निम्मी कुत्री-मांजरं मागून निघायची, आणि सासूबाई मागे न बघता "हाड!" म्हणायच्या. मी सीवूड्सला एका घरी पोळ्या करायला जायचे. त्या घरच्या कुत्र्याला खाली न्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मग वरच्या मजल्यावरचं कुत्रं, मग शेजारच्या बिल्डिंगमधलं. पोळ्या सुटल्या आणि कुत्री राहिली. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मासे साफ करता करता थांबल्या.

"कुत्र्याला फिरवाला मानूस ठेवतान? त्याला सोताचं पाय नाय काय?"

पाय आहेत, पण अक्कल आपल्याला लागते, असं मी म्हणाले. त्यावर त्या जे हसल्या, ते गावभर पसरलं. तेव्हापासून करावे गावात मी कुत्र्यांची मंदा.

या कामात दोन वाक्यं रोज कानावर पडतात. समोरून येणारा विचारतो, "चावतो का?" आणि ज्याचं कुत्रं मोकळं सुटलेलं असतं तो लांबून ओरडतो, "घाबरू नका हो, आमचा काही करत नाही!" पहिल्याचं मला कधी काही वाटलं नाही. विचारतो तो बिचारा थांबलेला तरी असतो. दुसऱ्या वाक्याने मात्र माझं रक्त तापतं. नेरुळच्या बागेत एक काका रोज आपलं दांडगं कुत्रं मोकळं सोडायचे. ते शेपूट हलवत थेट आमच्या अंगावर यायचं, आणि माझ्या हातातलं कुत्रं भीतीने पट्टा तोडायला बघायचं. एकदा काकांनी नेहमीचं पालुपद सुरू केलं तेव्हा मी म्हटलं, "काका, तुमचा काही करत नाही. पण माझा करेल ना!"

"मग असा डेंजर कुत्रा बाहेर आणता कशाला?"

"तो डेंजर नाही, घाबरलाय. तुमच्या अंगावर कुणी अनोळखी माणूस प्रेमाने धावत आला तर तुम्ही काय कराल?"

काका कुत्र्याला हाका मारत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुत्र्याला पट्टा लावला होता, पण माझ्याशी बोलणं मात्र बंद केलं. चालायचंच.

बाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. डॉक्टर अशा कुत्र्याला रिॲक्टिव्ह म्हणतात. आम्ही बुजरं म्हणतो. बुजरं कुत्रं भुंकतं, दात दाखवतं, उसळतं, ते बहुतेक वेळा "लांब जा" एवढंच सांगायला. त्याआधी ते खूप काही सांगून झालेलं असतं. तोंड फिरवतं, ओठ चाटतं, झोप आली नसताना जांभई देतं, डोळ्यांतलं पांढरं दाखवतं, अंग ताठ करतं. आपण ते बघत नाही. आपण "अले ले, किती गोड" करत हात पुढे नेतो, आणि मग ओरडतो की कुत्रं अचानक चावलं. माझं निम्मं काम कुत्र्यांना चालवणं आणि निम्मं माणसांना थांबवणं असं होतं. माणसांना थांबवणं जास्त जड जायचं.

आता तांबूचं सांगते. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

वाशीच्या जुन्या सेक्टरमध्ये आपटे बाई राहतात. इमारत सिडकोच्या काळातली, तीन मजली, लिफ्ट नाही. बाई आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे अर्ध्या वाशीला बाईंनी छड्या मारलेल्या आहेत आणि ती अर्धी वाशी बाई दिसल्या की पाया पडायला धावते. त्यांचे यजमान कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात होते. तिथे उभ्या असलेल्या ट्रेलरखाली एक गंजाच्या रंगाचं कुत्रं पडून असायचं. ते रोज आपल्या डब्यातली पोळी त्याला घालायचे. रिटायर झाले त्या दिवशी ऑफिसने शाल-श्रीफळ दिलं, आणि आपटे काका शाल, श्रीफळ आणि कुत्रं असं सगळं घेऊन घरी आले. "याला मागे ठेवून यायचं म्हणजे काय?" एवढंच ते बाईंना म्हणाले. रंगावरून नाव पडलं तांबू.

काका होते तोवर तांबू त्यांच्याच खोलीत असायचा, आल्यागेल्यासमोर फारसा यायचा नाही. पुढे काका गेले, आणि बाई आणि तांबू असे दोघेच घरात उरले.

मुलगा अमेय बंगलोरला असतो. काका गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो घरी आला. दारात बॅग ठेवली आणि आईच्या पाया पडायला वाकला. तोपर्यंत शेपूट हलवणारा तांबू एकदम उसळला आणि त्याने अमेयच्या हातात दात रुतवले. टाके पडले, इंजेक्शनं झाली. अमेय काही दुष्ट माणूस नव्हे. वडिलांचं कुत्रं म्हणून त्याला माया होती. पण जाताना तो म्हणाला, "आई, माझ्याच घरात मला तुझ्या पाया पडता येत नाही. पनवेलच्या पुढे एक फार्म आहे, तिथे अशी कुत्री ठेवतात. दसऱ्याला येतो, तेव्हा काय ते ठरवू."

बाईंनी मला बोलावलं ते त्यानंतर. चहा समोर ठेवला आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

"मंदा, मुलाचं चूक आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि याला पाठवलं तर तिकडे वर यांना काय सांगू?"

बोलताना त्यांचा आवाज शिक्षिकेसारखाच होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं होतं. मला फार वाईट वाटलं. मी हो म्हटलं.

तांबूला मी फिरवायला लागले, आणि गंमत अशी की मला काही खोडच सापडेना. जिना नीट उतरायचा. रिक्षा, सायकली, भाजीवाला, कशाचंही त्याला काही नव्हतं. वासरासारखा चालायचा. बाई बरोबर असल्या की मात्र भरवसा नसायचा. एकदा आम्ही तिघं बाजारातून येत होतो. समोरच्या गाडीतून एक धिप्पाड माणूस उतरला. तो तांडेल, बाईंचा जुना विद्यार्थी, आता बिल्डिंगांची कामं घेतो. "बाय!" अशी आरोळी ठोकून तो आला आणि थेट बाईंच्या पायाशी वाकला. तांबू असा झेपावला की पट्टा धरता धरता मीच बसले खाली. तांडेलची बाही वाचली, अब्रू काही वाचली नाही. एवढा गडी उलट्या पावली गाडीपर्यंत गेला.

सगळे म्हणाले, कुत्रा बाईंवर हक्क सांगतो, कुणाला जवळ येऊ देत नाही. मलाही तेच पटलं. म्हणून बाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "हे बघा, लांबूनच नमस्कार करा."

आता आपल्याकडे लांबूनच नमस्कार कुणाला करतात? ज्याचं तोंडही बघायला नको, त्याला. माणसं बुचकळ्यात पडली. कुणी म्हणालं बाई आताशा चिडचिड्या झाल्यात, कुणी म्हणालं काका गेल्यापासून मनावर घेतलंय. तांडेल तर दोन दिवसांनी मला रस्त्यात गाठून विचारायला लागला, "मंदाताय, माझा काय चुकला गो? बाय मना लांबूनच नमस्कार म्हनतान? मी शालंत मार खाल्ला, पन असा कदी बोलल्या नाय." एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले होते. मी त्याला कुत्र्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

त्याच सुमारास माझ्या एका गिऱ्हाईक बाईंनी मला सांगितलं की परदेशात बुजऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधतात. पिवळं दिसलं की लोक समजतात, याला जागा हवी, आणि बाजूने जातात. मला कल्पना फार आवडली. घरी पिवळं कापड होतंच, त्याची चांगली रुंद फीत कापून मी तांबूच्या पट्ट्याला बांधली आणि रविवारी सकाळी ऐटीत बागेत गेले. आपटे बाई घरीच होत्या.

बाकावर एक आजी बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं साताऱ्याकडचं. मार्केटमध्ये माथाडीचं काम करणाऱ्या कुणाच्या तरी आई असाव्यात. त्यांनी तांबूकडे पाहिलं, पिवळ्या फितीकडे पाहिलं, आणि चेहरा एकदम उजळला.

"खंडोबाचं हाय न्हवं? आज ऐतवार, बरं दर्सन झालं!"

मी "अहो आजी, नाही, लांब..." एवढं म्हणेपर्यंत आजी तांबूसमोर येऊन वाकल्या आणि जमिनीला हात लावला. तांबू उसळला. मी दोन्ही हातांनी पट्टा मागे ओढला, त्यामुळे आजींना काही झालं नाही, पण त्या मटकन बाकावर बसल्या आणि गालावर हात मारून घ्यायला लागल्या. "कोपला गं बाई देव! काय चुकलं म्हनायचं?"

आजींची समजूत घालता घालता माझ्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं. बाई तर इथे नव्हत्या. मग हा हक्क कुणावर सांगत होता?

तांबू शांत झाल्यावर मी त्याला लांब एका झाडाला बांधलं. सरळ उभी राहिले, त्याने शेपूट हलवलं. मग मी चप्पल नीट करायला म्हणून खाली वाकले. मी, रोज त्याला फिरवणारी, तरी त्याचं अंग ताठ झालं आणि घशातून गुरगुर आली. उभी राहिले, की पुन्हा शेपूट.

तेव्हा लख्ख कळलं. रस्त्यावरचं कुत्रं पळवायला आपल्याकडे दगड मारावाच लागतो असं नाही. नुसतं वाकलं तरी ते पळतं, कारण वाकलेला माणूस दगड घेऊनच उठतो हे त्याला अंगावर शिकायला मिळालेलं असतं. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी हे लहानपणापासून पाहिलेलं आहे. मीही पाहिलेलं होतं, आणि कित्येक वर्षं कुत्री फिरवूनही मला ते सुचलं नव्हतं. कळंबोलीच्या त्या ट्रकांच्या गराड्यात किती जण वाकले असतील आणि किती दगड या पोराने खाल्ले असतील, ते त्यालाच ठाऊक. आणि आलं ते नेमकं अशा घरात, जिथे येणारा प्रत्येक जण वाकतो!

मी तशीच बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. तांबू नेहमीसारखा त्यांच्या पायाशी येऊन पडला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे त्याला वाटतं, लोक माझ्यावर दगड उचलतायत," त्या म्हणाल्या. "आणि हा मला वाचवतोय. अमेयपासूनसुद्धा."

मग त्या रडल्या. मीही रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. पद्धत साधी असते. ज्याची भीती वाटते ते खूप लांबून दाखवायचं, इतकं लांबून की कुत्र्याला ते दिसावं पण बुजायला होऊ नये, आणि दिसलं रे दिसलं की तोंडात खाऊ द्यायचा. हळूहळू अंतर कमी करायचं. घाई केली की सगळं पाण्यात. खाऊ म्हणून मी घरून सुके बोंबील नेले, कारण त्यांच्यापुढे तांबूला दुसरं काही सुचायचं नाही. आपट्यांच्या घरात बोंबील! बाईंनी डबा घराबाहेर चपलांच्या कपाटात ठेवायला लावला. नाकाला पदर लावून, चिमटीत बोंबील धरून त्या तांबूला भरवायच्या आणि मग साबणाने हात धुवून धुवून लाल करायच्या.

वाकायला माणूस हवा होता. तांडेल आपणहून तयार झाला. बागेच्या पार त्या टोकाला तो उभा राहायचा, मी हात केला की वाकायचा, जमिनीला हात लावायचा आणि रिकामे हात वर करून दाखवायचा. इकडे तांबूच्या तोंडात बोंबील. येणारे-जाणारे थांबून बघायचे की हा बिल्डर मोकळ्या गवताला का दंडवत घालतोय. एकाने विचारलंच. तांडेल कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "आमच्या बायना नमस्कार करतंय. लांबूनच."

पावसाळा संपता संपता तांडेल वाकल्यावर तांबू त्याच्याकडे बघण्याऐवजी बाईंच्या हाताकडे बघायला लागला. पण हे मध्ये मोकळी जागा असेपर्यंतच. माणूस अगदी जवळ येऊन वाकला की अंग ताठ व्हायचं ते व्हायचंच. मी बाईंना खरं तेच सांगितलं, की याच्यापुढे फार जाईल असं मला वाटत नाही, एवढं अंतर आपल्याला सांभाळावं लागेल. "दुसऱ्या खोलीत कोंडता येईल," असंही म्हटलं.

बाई म्हणाल्या, "दसऱ्याच्या दिवशी त्याला कोंडून ठेवू? यांनी आणलेल्या कुत्र्याला?"

दसऱ्याला अमेय येणार त्या सकाळी बाईंनी मला लवकर बोलावलं. फोनवर त्याला सगळं सांगून झालं होतं. तो "बघू" एवढंच म्हणाला होता. बाई नवी साडी नेसल्या होत्या. रिक्षा वाजली तशा त्या मला म्हणाल्या, "तांबूला घेऊन माझ्या मागून ये. जिन्यात."

आम्ही खाली उतरलो. तळमजल्यावर यायला थोड्या पायऱ्या उरल्या असताना बाई थांबल्या. त्यांच्यावरच्या पायरीवर तांबूला धरून मी. खाली अमेय आत आला, आणि त्याने हातातली बॅग ठेवली. तांबूने त्याला ओळखलं, शेपूट हललं, पण अमेयचा हात आपोआप जुन्या टाक्यांवर गेला.

"अमेय, वाकू नकोस," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मीही लांबूनच का, आई?"

"जवळ ये. पायऱ्या चढू नकोस. असा बाजूने ये, कठड्यापाशी."

जुन्या इमारतींच्या जिन्याला लोखंडी गजांचा कठडा असतो. अमेय जिन्याच्या कडेला, कठड्याबाहेर येऊन उभा राहिला. बाई दोन पायऱ्या वर सरकल्या, मग आणखी एक, तसे मी आणि तांबूही वर सरकलो. आता त्यांची पावलं बरोबर त्याच्या छातीच्या उंचीला आली होती. त्याच्या लक्षात आलं. ताठ उभ्या उभ्याच त्याने गजांमधून हात आत घातले आणि आईच्या दोन्ही पावलांवर ठेवले. मग कपाळ गजांना टेकवलं आणि तसाच राहिला.

मी तांबूकडे बघत होते. माझा पट्ट्यावरचा हात घट्ट होता. तांबूने त्या हातांकडे पाहिलं, हात रिकामे होते. अंग सैल सोडून तो पायरीवर बसला. मी बोंबील दिला, तो त्याने सावकाश खाल्ला.

बाईंनी खाली बसून गजांमधून मुलाच्या केसांवर हात ठेवला. "रात्रभर विचार करत होते," त्या म्हणाल्या. "शेवटी लक्षात आलं, तू वाकण्याऐवजी मी वर चढले तर झालं."

अमेय हसला आणि डोळे पुसले. फार्मचं नाव त्या दिवशी निघालं नाही, आणि नंतरही नाही.

मग त्याने खिशातून आपट्याची पानं काढली. एक पान आईच्या हातात दिलं. "सोनं घे, आई." दुसरं हातात धरून तो तांबूकडे वळला. मला वाटलं आता हा हात पुढे करणार, आणि मी तोंड उघडलं. पण त्याने ते पान गजांमधून पायरीवर ठेवलं, वाकावं लागलंच नाही, आणि कुणी न सांगता स्वतःच दोन पावलं मागे सरकून हात जोडले.

"बाबांच्या तांबूला लांबूनच नमस्कार," तो म्हणाला.

तांबूने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा सैल केला. तो एकेक पायरी उतरत खाली आला, पान हुंगलं, आणि आपट्यांच्या घरचं सोनं एका घासात खाऊन टाकलं.